खाड्याची भरपाई

कारखान्याच्या हजेरीपटांत 'खाडा' हा शब्द ज्या निर्विकारपणें लिहिला जातो, त्या निर्विकारपणें तो कामगाराच्या घरीं ऐकला जात नाहीं. एक दिवस कामावर न जाणें म्हणजे त्या दिवसाच्या मजुरीला मुकणें. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रासायनिक द्रव्यांचे, कापडाचे आणि पोलादाचे कारखाने पाळीपाळीनें चालतात. तेथें काम करून संध्याकाळीं मोकळ्या जागेवर रेषा आंखून कबड्डी खेळणाऱ्या तरुणाला या शब्दाचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. रविवारचा एखादा सामना असला तर प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु गांवोगांवच्या स्पर्धा दिव्यांच्या उजेडांत रात्र रात्र चालतात, आणि उपांत्य फेरीच्या दिवशींच नेमकी रात्रपाळी आली, तर खेळावें कीं कामावर जावें, हा निवाडा त्याचा त्यालाच करावा लागतो. सामना जिंकला तर चषक मंडळाच्या कपाटांत जातो; खाडा मात्र त्याच्या एकट्याच्या पगारांतून वजा होतो.

धंदेवाईक खेळाचा इतिहास कोणी लिहूं लागल्यास त्याला आरंभ याच खाड्यापासून करावा लागेल. हा इतिहास प्रथम घडला तो बोईसरपासून फार दूर, इंग्लंडच्या उत्तरेकडील यॉर्कशायर आणि लँकेशायर या परगण्यांत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील गिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत काम करणारे मजूर रग्बी खेळूं लागले. हा खेळ मूळचा श्रीमंतांच्या शाळांतला. ज्याला पोटाची विवंचना नाहीं त्यानें तो हौसेनें खेळावा आणि खेळाचा मोबदला घेणें कमीपणाचें मानावें, अशी तिकडची रीत होती. उत्तरेच्या मजुराला ही रीत परवडणारी नव्हती. शनिवारीं अर्धा दिवस काम असे. सामना परगांवीं असला म्हणजे तो अर्धा दिवस बुडे आणि त्याबरोबर मजुरीही बुडे. इंग्रजींत या नुकसानीला 'मोडलेला वेळ' अशा अर्थाचा शब्द होता. मराठींतला खाडा हा शब्द त्याहून नेमका आहे.

१८९३ सालीं यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनीं रग्बीच्या मध्यवर्ती संघटनेपुढें एक साधा ठराव मांडला. खेळाडूला पगार द्यावा असें त्यांचें म्हणणें नव्हतेंच. त्याचा जो खाडा होतो तेवढा भरून द्यावा, एवढीच मागणी होती. ती २८२ विरुद्ध १३६ मतांनीं फेटाळली गेली. दोन वर्षें धुसफूस चालली आणि २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत जमून उत्तरेकडील २२ क्लबांनीं आपली वेगळी संघटना उभारली. खाड्याची भरपाई दिवसाला सहा शिलिंगांपर्यंत द्यावी असें ठरलें. रग्बी लीग या नांवानें पुढें प्रसिद्ध झालेल्या खेळाचा हा जन्म. पहिल्या हंगामांत ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम क्लबानें ४२ सामने खेळून, हॅलिफॅक्सच्या पुढें अवघा एक गुण राहून, अजिंक्यपद मिळविलें. आठ वर्षांनीं, १९०३ सालीं, त्याच क्लबानें पैशाच्या ओढीमुळें रग्बीला रामराम ठोकला आणि ब्रॅडफर्ड सिटी या नांवानें तो फुटबॉल खेळूं लागला. धंद्यांत उतरलें कीं नफा तसा तोटाही आला, हें या नव्या खेळाला फार लवकर कळलें.

खाड्याच्या भरपाईवरून उघड मोबदल्यापर्यंत जाण्यास अवघीं तीन वर्षें लागलीं. १८९८ सालीं खेळाडूंना पैसे देण्यास मुभा मिळाली; परंतु तिला एक चमत्कारिक अट जोडलेली होती. खेळाडूला दुसरा एखादा प्रामाणिक कामधंदा असलाच पाहिजे. निवळ खेळावर जगणारा माणूस चालणार नाहीं! ही अट कांहीं वर्षांनीं गळून पडली. तथापि तिच्या मुळाशीं जो प्रश्न होता, म्हणजे हंगाम संपल्यावर खेळाडूनें खावें काय, तो काहीं गळून पडला नाहीं. ज्या जुन्या संघटनेनें सहा शिलिंग नाकारले, तिच्या रग्बीनें मात्र हौशीपणाचें सोंवळें १९९५ सालापर्यंत, म्हणजे तब्बल शंभर वर्षें सांभाळलें.

येथें एक खुलासा केलेला बरा. जून २०२५ मध्यें मुंबईस अंधेरीच्या क्रीडासंकुलांत संघमालकांच्या पैशावर उभारलेली रग्बीची पहिली भारतीय लीग झाली आणि ती चेन्नईच्या संघानें जिंकली. तींत एका बाजूस सात भिडू होते आणि खेळ जुन्या संघटनेच्या घराण्यांतला होता. नांवांत लीग आली म्हणून ती रग्बी लीग होत नाहीं. रग्बी लीगमध्यें एका बाजूस तेरा गडी असतात. अंडाकृति चेंडू हातांत धरून पुढें धांवायचें, पण तो पुढें फेंकायचा नाहीं. द्यायचा तो बाजूच्या किंवा मागच्या सोबत्याकडे. प्रतिपक्ष धांवणाऱ्यास कवळून रोखतो. त्याची पकड झाली कीं त्यानें उठून चेंडू जमिनीवर ठेवायचा, पायानें मागें सारायचा आणि खेळ पुन्हा चालूं करायचा. महाराष्ट्रीय वाचकाच्या मनांत 'पकड' या शब्दाबरोबर जें चित्र उभें राहतें, त्याच्याशीं रग्बीचें हें अंग चांगलेंच जुळतें.

नुसती झोंबाझोंबीच नव्हे, तर धंद्यांत उतरल्यावर या दोन्ही खेळांना जडलेली व्याधि आणि तिच्यावरचा उतारा हींही एकाच जातीचीं आहेत. रग्बी लीगमध्यें आघाडीवर असलेला संघ चेंडू हातचा सोडीच ना. पकड झाली, पुन्हा चेंडू आपल्याकडेच; पुन्हा पकड, पुन्हा आपल्याकडे; आणि घड्याळ पुढें सरकत राही. तिकीट काढून आलेला प्रेक्षक कंटाळूं लागला, तेव्हां १९६६ सालीं नियम झाला कीं चार पकडींत कांहीं साधलें नाहीं तर चेंडू सोडावा. चार थोड्या वाटल्या म्हणून पुढें सहा झाल्या. कबड्डींतही हेंच होत असे. आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू निदानरेषेला पाय लावून, कोणालाही न शिवतां, दम राखून परत येई. आणि पुन्हा पुन्हा तसेंच करी. व्यावसायिक कबड्डीनें त्यावर तोड काढली ती तिसऱ्या चढाईची. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या कीं तिसरींत गुण घेतलाच पाहिजे. न घेतल्यास चढाईपटू बाद. चढाईला मुदत ३० सेकंदांची. जुन्या जाणत्यांना हा उतावळेपणा वाटला, आणि त्यांत कांहीं अंशीं तथ्यही आहे. निदानरेषा ओलांडून गडी शांतपणें पारखीत उभा राहणारा जुना चढाईपटू आतां क्वचित् दिसतो. परंतु तिसऱ्या चढाईला उभ्या राहिलेल्या खेळाडूच्या चेहऱ्याकडे ज्यानें पाहिलें आहे, त्याला या नियमाचें मोल सांगावें लागणार नाहीं.

महाराष्ट्रांत हा खेळ हुतूतू म्हणून घरोघर माहीत होता. संजीवनी, गामिनी, अमर असे त्याचे प्रकार गांवागणिक बदलत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत सातारा, पुणें, बडोदें येथील मंडळींनीं नियमांची बैठक घातली. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें तो जगापुढें करून दाखविला. पुढें शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनीं आपलें सारें आयुष्य या खेळाच्या संघटनेस वाहिलें. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रांत कबड्डीदिन म्हणून पाळतात. आणि यॉर्कशायरच्या गिरणगांवांत रग्बी जशी वाढली, तशीच मुंबईच्या लालबाग-परळ-नायगांवांत गिरणी कामगारांच्या चाळींतून कबड्डीचीं मंडळें वाढलीं.

या मंडळींनीं खाड्याचा प्रश्न इंग्रजांहून वेगळ्या रीतीनें सोडविला. येथें क्लबानें खेळाडूला पैसे दिले नाहींत. नोकरी देणारानेंच त्याला खेळावयास सोडलें. रेल्वे, पोलीस, बँका, पेट्रोलियम कंपन्या, एअर इंडिया, महिंद्र अशांनीं आपापले संघ बांधले. चांगल्या चढाईपटूला कारकुनाची वा शिपायाची जागा मिळे आणि सरावापुरती कामांतून मोकळीक मिळे. महाराष्ट्रांतील स्पर्धांच्या पत्रिकेवर 'व्यावसायिक गट' हे शब्द दिसतात, त्यांचा अर्थ हाच. खेळ हा ज्यांचा व्यवसाय आहे ते नव्हेत, तर ज्यांचा व्यवसाय दुसराच आहे आणि त्या व्यवसायाच्या नांवानें जे खेळतात ते व्यावसायिक! 'धंदेवाईक' या शब्दाला मराठींत जो एक उणा वास येतो, तो या मांडणींत कोठेंच नव्हता. खेळाडूच्या आईबापांच्या दृष्टीनेंही हाच मार्ग भरंवशाचा होता. गुडघा निखळला तरी नोकरी शाबूत राही.

२०१४ सालीं या व्यवस्थेच्या शेजारीं दुसरी व्यवस्था उभी राहिली. २६ जुलै रोजीं मुंबईस वरळी येथें प्रो कबड्डी लीगचा पहिला हंगाम सुरू झाला. योगायोग असा कीं त्याच आठवड्यांत, १ ऑगस्टला, ठाणें जिल्ह्यांतून पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा वेगळा निघाला. त्यामुळें या जिल्ह्याचें वय आणि व्यावसायिक कबड्डीचें वय एकच आहे. त्या वर्षींच्या लिलावांत सर्वांत मोठी बोली राकेश कुमार याच्यावर लागली, ती १२ लाख ८० हजारांची. २०१८ सालीं बोलीनें कोटीचा आंकडा ओलांडला. ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईस झालेल्या लिलावांत पवन सेहरावत याला तेलुगू टायटन्सनें २ कोटी ६० लाख ५० हजारांना घेतलें, आणि इराणचा महंमदरेझा शादलूई पुणेरी पलटणकडे २ कोटी ३५ लाखांना आला. 'माणसांचा लिलाव' हे शब्द कानाला खटकतात. परंतु ज्या घरांत त्या दिवशीं दूरचित्रवाणीसमोर श्वास रोखून बसलेलीं माणसें असतात, तेथें ते खटकत नसावेत.

हा लिलाव ज्या हंगामासाठीं झाला, तो दहावा हंगाम महाराष्ट्राच्या दृष्टीनें संस्मरणीय ठरला. २ डिसेंबर २०२३ ला अहमदाबादेस आरंभ आणि १ मार्च २०२४ ला हैदराबादेस अखेर, असे हे ९१ दिवस. संघ बारा. प्रत्येकानें प्रत्येकाशीं दोनदां खेळावयाचें, म्हणून प्रत्येकाचे सामने २२ आणि साखळीचे एकूण सामने १३२. सर्व संघांचा हा तांडा बारा गांवीं जात असे आणि प्रत्येक गांवीं सहा दिवस मुक्काम करी. पुण्याचा मुक्काम १५ ते २० डिसेंबर. मुंबईचा ५ ते १० जानेवारी. बोईसरच्या प्रेक्षकाला तोच जवळचा, सुमारें शंभर किलोमीटर रेल्वेनें जावें तेव्हां गांठ पडणारा. आणि रात्रीचा दुसरा सामना संपेतों थांबलें तर परतीची गाडी मिळेल कीं नाहीं, याची काळजी वेगळीच. बहुतेकांनीं तो अर्थातच घरीं बसून पाहिला.

त्या हंगामांत विजयाला पांच गुण, बरोबरीला तीन, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनीं हरलेल्या संघालाही एक गुण असा हिशेब होता. या शेवटच्या एका गुणाकडे नवखा प्रेक्षक लक्ष देत नाहीं. परंतु त्यानें खेळाचा रंग बदलतो. सामना हातचा गेला असें दिसूं लागल्यावरही हरणारा संघ शेवटच्या मिनिटापर्यंत पकडी करीत राहतो, कारण आठचें अंतर सातवर आणलें तरी कांहीं पदरांत पडतें. पुणेरी पलटणनें २२ पैकीं १७ सामने जिंकले, तीन बरोबरींत सोडविले आणि दोन गमावले. १७ विजयांचे ८५, तीन बरोबरींचे ९, आणि दोन्ही पराभव थोडक्यांत झाल्यामुळें त्यांचे २, एकूण ९६. त्याखालोखाल जयपूर पिंक पँथर्सचे ९२. पहिले दोन संघ थेट उपांत्य फेरींत गेले. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतच्या संघांना आधीं आपसांत झुंजावें लागलें. उपांत्य फेरींत पुण्यानें पाटणा पायरेट्सला ३७-२१ असें हरविलें, आणि हरियाणा स्टीलर्सनें जयपूरला ३१-२७ असें.

पुण्याच्या मनांत एक जुना सल होता. १७ डिसेंबर २०२२ रोजीं मुंबईस झालेला नवव्या हंगामाचा अंतिम सामना त्यांनीं जयपूरकडून २९-३३ असा गमावला होता. नव्या हंगामांत त्यांचा कर्णधार होता अस्लम इनामदार, अहमदनगर जिल्ह्यांतील टाकळीभान गांवचा. गरीब घरांतून आलेला हा तरुण पुण्याच्या युवा पथकांत घडला. कोट्यवधींच्या बोलीनें आणलेला नव्हे. पंकज मोहिते, आकाश शिंदे हेही महाराष्ट्राचेच. गंमत अशी कीं समोरच्या हरियाणाच्या संघांतही सिद्धार्थ देसाई आणि शिवम पटारे हे महाराष्ट्राचे चढाईपटू होते, आणि पुण्याचे शिक्षक बी. सी. रमेश हे कर्नाटकाचे. गांवाचें नांव संघाला असतें, गांवचीं माणसें संघांत असतीलच असें नाहीं. यॉर्कशायरच्या क्लबांनींही हा प्रकार लवकरच पाहिला होता.

अंतिम सामना धांवपळीचा झाला नाहीं. दोन्ही बाजूंची पकड भक्कम असली म्हणजे चढाईपटू जपून पाय टाकतो, आणि गुण एकेकट्यानें येतात. अशा सामन्यांत एकच मोठी चढाई निकाल फिरविते. पहिल्या अर्धाच्या अखेरीस पंकज मोहितेनें एका चढाईंत चार गुण आणले. चार गडी एकदम बाद होणें म्हणजे सातांची भिंत तिघांवर येणें; पुढें लोण चढण्याची टांगती तलवार. लोण चढलें कीं वरचे दोन गुण प्रतिपक्षाला जातात, म्हणून तिघेच उरले असतां बचाव करणाराला धीर यावा यासाठीं यशस्वी पकडीला एक जादा गुण ठेवला आहे. तिला अव्वल पकड म्हणतात. या ओढाताणींतून पुण्यानें सामना २८-२५ असा जिंकला आणि पहिलें अजिंक्यपद मिळविलें. पंकज मोहितेचे नऊ गुण सामन्यांत मोलाचे ठरले. अस्लम इनामदार हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. विजेत्या संघाला तीन कोटींचें पारितोषिक मिळालें.

पैशाचा हा आंकडा ऐकून जो हिशेब मनांत येतो, तो जरा थांबून केला पाहिजे. त्या लिलावांत सर्वांत खालच्या वर्गाची मूळ किंमत नऊ लाख रुपये होती. तीन महिन्यांसाठीं नऊ लाख हें कारखान्यांतील रोजंदारीशीं ताडून पाहिलें तर डोळे दिपविणारें आहे. परंतु बारा संघांत मिळून जागा असतात अडीचशेंच्या आंतबाहेर, आणि त्या साऱ्या देशाला, शिवाय कांहीं परदेशी खेळाडूंना. मुंबईपुण्याच्या एकेका जिल्हा स्पर्धेंत याहून अधिक खेळाडू उतरतात. ज्याला जागा मिळाली, त्यालाही उरलेले नऊ महिने आहेतच. आणि पुढल्या वर्षीं संघानें राखलें नाहीं तर लिलावाच्या यादींत पुन्हा नांव. म्हणूनच लीगमध्यें नांव मिळविलेले कित्येक खेळाडू रेल्वेची वा पोलीसखात्याची नोकरी सोडीत नाहींत. पहिल्या हंगामांत यू मुंबाचें नेतृत्व करणारा अनुप कुमार हरियाणा पोलिसांत होता. १८९८ सालची ती चमत्कारिक इंग्रजी अट येथें कोणी घातलेली नाहीं. शहाणपण म्हणून खेळाडूच ती पाळतात. स्त्रियांच्या वांट्याला तर याहून थोडें आलें. २०१६ सालीं पुरुषांच्या हंगामाबरोबर तीन संघांची एक छोटी स्पर्धा झाली, स्टॉर्म क्वीन्सनें ती अंतिम सामन्यांत २४-२३ अशी जिंकली, आणि पुढल्या वर्षीं तिचा हंगाम झाला नाहीं.

जिल्ह्याजिल्ह्यांतून या अडीचशें जागांकडे जाणारी वाट अलीकडे थोडी रुंद होऊं लागली आहे. २०२४ सालीं पुण्यास बालेवाडी येथें युवा कबड्डी मालिकेची आंतरजिल्हा स्पर्धा बुवा साळवी यांच्या नांवानें भरली, तींत पालघर जिल्ह्याचाही संघ उतरला. त्याचें नांव होतें 'पालघर काझीरंगा रायनोज'. चिकूच्या बागा, मासळीचीं बंदरें आणि १९६९ पासून वीज देणारें अणुकेंद्र ज्या जिल्ह्यांत आहे, त्याला आसामच्या जंगलांतील गेंडा कसा चिकटला, हें नांव ठेवणारेच जाणोत. रत्नागिरीच्या वांट्याला अरवली पर्वत आला होता; सह्याद्रि दारांत उभा असतां! नांवाचें सोडलें तर या स्पर्धेचें महत्त्व मोठें आहे. गांवच्या मंडळाच्या मातींतून उठलेल्या मुलाला ओळीनें अनेक दिवस मॅटवर, घड्याळाच्या कांट्यावर आणि तिसऱ्या चढाईच्या नियमाखालीं खेळावयास मिळतें. माती आणि मॅट यांत फरक फार आहे. मातींत घसरतां येतें; मॅटवर बूट घट्ट रोंवला जातो आणि वळतांना सारा भार गुडघ्यावर येतो. दहा मीटर रुंद आणि तेरा मीटर लांब अशा त्या चौकोनांत आपला कोपरा राखणें आणि चढाईपटूचा घोटा बरोबर क्षणीं धरणें, हें मातींत शिकलेलें कसब तेथेंही उपयोगी पडतें. फक्त पाय नव्यानें शिकवावे लागतात.

पुण्याच्या त्या विजयाचें पुढें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. पुढल्या लिलावांत शादलूईला हरियाणा स्टीलर्सनें २ कोटी ७ लाखांना घेतलें. अकराव्या हंगामांत अस्लम इनामदार दुखापतीमुळें अर्ध्यांतच बाहेर बसला आणि गतविजेत्या पुणेरी पलटणला पहिल्या सहांतही जागा मिळाली नाहीं. २९ डिसेंबर २०२४ रोजीं अंतिम सामना पुण्यांतच, बालेवाडीच्या मॅटवर झाला. तेथें हरियाणानें पाटण्याला ३२-२३ असें हरविलें, आणि आदल्या मार्च महिन्यांत पुण्याच्या बाजूनें चषक उंचावणारा शादलूई त्या रात्रीं, पुण्याच्याच प्रेक्षकांसमोर, हरियाणाच्या बाजूनें तो उंचावीत होता.